माळाची वहिवाट

जमिनीच्या कागदावर माळाला स्वतःचं नाव नाही. गाव नमुना सातवर ‘पोटखराबा’ असा एक रकाना असतो. जिथे नांगर चालत नाही ती जमीन त्यात जाते. गाव नमुना बारावर ‘पडीक’ असा शेरा पडतो. केंद्र सरकार पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह वेळोवेळी काढतं, त्यात झुडपी आणि गवताळ रानाची भली मोठी क्षेत्रं ‘वेस्टलँड’ म्हणून रंगवलेली असतात. पुणे शहरात हीच जमीन टेकडीच्या रूपात भेटते आणि तिथे कागदापेक्षा बोली भाषा अधिक कठोर होते. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव, बाणेर-पाषाण, कात्रजचा डोंगर यांच्यावर फेब्रुवारी उजाडता उजाडता गवत पिवळं पडलं, की आपण सहज म्हणून जातो, ‘टेकडी किती बोडकी झाली!’ हा शब्द वरवर वर्णनाचा वाटतो, पण त्यात एक अख्खा इतिहास गृहीत धरलेला असतो. बोडकं तेच होतं ज्यावर आधी केस होते. उजाड, ओसाड, भकास हे शब्दही असेच. इथे कधी तरी घनदाट जंगल होतं, ते माणसाने तोडलं आणि उरलं ते हे, असा आरोप या शब्दांनी आधीच ठेवलेला असतो. त्यावर उपायही ठरलेला: खड्डे खणा, रोपं लावा, टेकडी हिरवी करा.

या आरोपाची शहानिशा करायची कशी? जमिनीच्या तंट्यात कागद अपुरा पडला की वहिवाट पाहतात. त्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या कोण वावरलं, कशा रीतीने वावरलं, त्याच्या खुणा काय, हे तपासतात. माळाच्या बाबतीत ही वहिवाट माणसांकडे मागण्यापेक्षा तिथल्या मूळ रहिवाशांकडे मागावी, असं मला वाटतं. प्राण्याची सवय ही काही वर्ष-दोन वर्षांत लागणारी गोष्ट नव्हे. शरीराची ठेवण, घरटं करण्याची रीत, जोडीदाराला खुणावण्याची पद्धत, पाणी मिळवण्याची युक्ती या गोष्टी हजारो पिढ्यांच्या निवडीतून घडतात. एखादी जात झाडांशिवायच्या उघड्या जमिनीवर जगायला हाडापासून पिसापर्यंत घडलेली असेल, तर ती उघडी जमीनही तितकीच जुनी असली पाहिजे. पुण्याच्या टेकड्या आणि त्यांच्या पूर्वेला सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूर असे पसरत गेलेले माळ यांचा दावा याच पुराव्यावर तपासून पाहू.

पहिला साक्षीदार बोटभर लांबीचा. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर गळ्याला पंखा असलेला एक सरडा राहतो. इंग्रजी नावावरून त्याला ‘फॅन थ्रोटेड’ सरडा म्हणतात. एरवी तो मातीच्या रंगात मिसळून गेलेला असतो. उन्हाळा तापला की नर एखाद्या उंचशा दगडावर चढतो, पुढच्या पायांवर अंग उचलतो आणि हनुवटीपासून पोटापर्यंत घडी घालून ठेवलेला कातडीचा पंखा झटकन उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. काही जातींत हा पंखा पांढुरका असून मधून निळसर रेघ जाते. काहींत तो निळा, काळा आणि नारिंगी अशा तीन ठसठशीत रंगांचा असतो. मादीला बोलावणं आणि शेजारच्या नराला दम देणं, ही दोन्ही कामं हा एक पंखा करतो. ही खूण डोळ्यांसाठी आहे. दाट पानोळ्यात ती चार हातांवरूनही दिसणार नाही. ती कामाची ठरते ती दूरवर नजर जाईल अशा मोकळ्या जमिनीवरच. याच्या पायाची ठेवण तर आणखी बोलकी आहे. ‘सिटाना’ या कुळातल्या सरड्यांच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात, पाचवं नाही. ‘ओटोक्रिप्टिस’ हे त्यांचे जवळचे भाऊबंद दक्षिण सह्याद्री आणि श्रीलंकेच्या जंगलात राहतात. त्यांचं पाचवं बोट शाबूत आहे. संकट आलं की माळावरचा हा सरडा पुढचे पाय उचलून दोन पायांवर सुसाट पळतो. झाडाच्या सालीला धरायचं नसेल आणि सपाट मातीवर धावायचं असेल, तर पाचव्या बोटाचं ओझं कशाला, असा हिशेब उत्क्रांतीने मांडलेला दिसतो. दोन-तीनशे वर्षांच्या जंगलतोडीत बोट झडत नाही.

दुसरी साक्ष हवेतली. रानातले बहुतेक गाणारे पक्षी उंच फांदीवर बसून गातात, कारण आवाज लांब पोचवायला उंची लागते. माळावर फांदी नाही. मग चंडोलांनी आकाशालाच फांदी केलं. त्यातला चिमणीएवढा डोंबारी चंडोल नावाला जागणारा आहे. नराचं डोकं राखी, पोट काळंभोर. तो पंख फडफडवत सरळ वर चढतो, मग पंख अंगाशी मिटून दगडासारखा खाली कोसळतो. आता आपटणार असं वाटावं, तोच पंख उघडून तो कमानीसारखा वर उसळतो, पुन्हा कोसळतो, पुन्हा उसळतो आणि त्या प्रत्येक घसरणीत एक लांब शीळ घालतो. खेळ संपला की एखाद्या ढेकळावर येऊन बसतो. मादी मात्र मातीच्याच रंगाची, कारण घरटं जमिनीवर आहे आणि ऊब देणाऱ्याने दिसून चालत नाही. हा सगळा खेळ ज्याला मंच म्हणून मोकळं आकाश आणि प्रेक्षागृह म्हणून मोकळी जमीन मिळाली, त्याच्याच अंगात येऊ शकतो.

टिटवीची गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. टिटवीदेखील समुद्र आटवते, ही म्हण तिच्या हट्टाची नोंद आहे. पण तिच्या घरट्याकडे पाहिलं की हट्टापेक्षा हिशेब दिसतो. माळावरची पिवळ्या गलोलांची टिटवी ऐन उन्हाळ्यात, जमीन तव्यासारखी तापलेली असताना, उघड्यावर चार अंडी घालते. घरटं म्हणजे मातीतला एक उथळ खळगा, भोवती खडे आणि लेंड्या. अंड्यांवरचे डाग असे, की दोन पावलांवरून तो मुरूमच वाटावा. पानाची सावली नाही, म्हणून आईबापांचं अंगच सावली होतं. ऊन फार चढलं की टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी निववते. हेलन स्पर्वे आणि सुरेश जयकर या अभ्यासकांनी १९६०च्या दशकात या टिटवीच्या उन्हाळी विणीचा बारकाईने अभ्यास करून त्यावर लिहिलं आहे. शत्रू जवळ आला तर ती लंगडल्याचं सोंग करून त्याला घरट्यापासून दूर नेते. झाडं वाढली की या व्यवस्थेचे सगळे सांधे निखळतात. कावळा आणि शिक्रा यांना वरून टेहळणीला जागा मिळते आणि लपण्यासाठी उघड्या जमिनीवर विसंबणाऱ्या पक्ष्याचा तो आधारच जातो.

पाणी वाहून नेण्याच्या कामात टिटवीच्याही पुढे गेलेली आहे ती पखुर्डी. कबुतराएवढा, वाळूच्या रंगाचा हा पक्षी सासवड-सुप्याकडच्या माळावर थव्याने दिसतो. तो कोरडं बी खातो, म्हणून त्याला रोज पाणी लागतं. सकाळी ठरल्या वेळी थवेच्या थवे पाणवठ्यावर उतरतात. पिल्लं मात्र जमिनीवरच्या घरट्यात, पाण्यापासून लांब असतात. पखुर्डीच्या घराण्यातला नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना वेटोळ्यासारखे गुंडाळलेले असतात. भिजले की ते उलगडून उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये पाणी अडकून राहतं. आफ्रिकेतल्या एका पखुर्डीवर झालेल्या अभ्यासात नर एका खेपेला सुमारे २५ मिलिलिटर पाणी उचलतो, असं आढळलं. ते घेऊन तो कित्येक किलोमीटर उडतो आणि पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून तहान भागवतात. चिंकाऱ्याने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला आहे. तो पाला, फळं आणि दव यांतल्या ओलाव्यावर दिवसेंदिवस काढू शकतो. खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, अनेक तोंडांचं बीळ जमिनीत खणून पिल्लं तिथे वाढवतो आणि उंदीर, टोळ, वाळवीपासून बोरांपर्यंत जे हाती लागेल ते खातो.

आणि ज्याला आपण नुसतं वाळलेलं गवत म्हणतो, त्याच्याही सवयी आहेत. टेकडीवर फिरून आलं की पायमोज्यांतून उपसून काढावी लागतात ती कुसळं एकदा हातात घेऊन पाहण्यासारखी आहेत. बी टोकदार, त्याला मागे वळणारे राठ केस आणि वर लांब, पिळदार शेपटी. ही शेपटी हवेतल्या ओलाव्याने उलगडते, कोरडेपणाने पुन्हा पिळली जाते. दिवसा-रात्रीच्या या उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखं मातीत शिरत जातं, आणि मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. वरून वणवा गेला तरी मातीत गेलेलं बी वाचतं. कुसळी, मारवेल, पवन्या, डोंगरी गवत ही उन्हाळ्यात मेलेली नसतात. त्यांचा जीव मुळाशी आणि बुडख्याशी राखलेला असतो. पहिल्या वळवाने जी हिरवळ आठवड्याभरात उठते, ती नव्याने उगवलेली कमी आणि जागी झालेली जास्त असते.

आता प्रतिपक्षाचं ऐकू. वहिवाटीच्या या युक्तिवादावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: हे प्राणी उघड्या जमिनीसाठी घडलेले असतील, पण ते इथेच घडले कशावरून? पखुर्ड्या आणि चंडोल आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंत पसरलेले आहेत. माणसाने दख्खनचं जंगल तोडलं, जमीन मोकळी झाली आणि कोरड्या प्रदेशांतून हे पाहुणे आले, असं का नसावं? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर फक्त इथेच सापडणाऱ्या जाती देतात. पिवळ्या गलोलांची टिटवी भारतीय उपखंडाबाहेर राहत नाही. साइक्सचा चंडोल भारताच्या द्वीपकल्पी भागातच आढळतो. गळापंख्या सरड्यांचं सगळं गोत्र उपखंडातलंच आहे. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्यातलं एक नवं कुळ वेगळं काढलं आणि त्याला चक्क आपल्या मराठी शब्दावरून ‘सरडा’ हे शास्त्रीय नाव दिलं. त्या कुळातली ‘सरडा सुपर्बा’ ही देखणी जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरून वर्णिली गेली. पाहुणा म्हणून आलेला प्राणी दोन-चार शतकांत स्वतंत्र कूळ होत नाही. लांडग्याचं तसंच. २०२१ साली लॉरेन हेनेली आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे दाखवलं, की भारतीय लांडगा ही आज हयात असलेल्या लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक आहे. हडकुळा, आखूड केसांचा, वाळल्या गवताच्या रंगाचा हा प्राणी बर्फातल्या आपल्या भावंडांपासून फार पूर्वी वेगळा झाला आणि उघड्या, कोरड्या मुलखात टिकला.

लांडग्याच्या नावातही पुण्याच्या मुलखाची एक नोंद आहे. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची मुंबई सरकारने १८२४ साली सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. पेशवाई संपून उणीपुरी सहा वर्षं झाली होती. दख्खनमध्ये हिंडताना त्याने शेती, लोकसंख्या, हवामान यांच्या बरोबरीने प्राणी आणि पक्षीही टिपले आणि १८३१-३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या मांडल्या. भारतीय लांडग्याचं ‘पॅलिपीस’, म्हणजे फिकट पायांचा, हे नाव त्याचं. चिंकाऱ्याला शास्त्रीय नाव देणाराही तोच. खडकाळ माळावरच्या लाव्याला आणि आज त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चंडोलालाही त्यानेच पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिलं. रेल्वेचे स्लीपर आणि इंग्रजी वनखात्याची तोड सुरू होण्यापूर्वीच्या या यादीत माळाचे हे रहिवासी हजर आहेत, ही गोष्ट ‘जंगल अलीकडे गेलं’ या समजुतीला अडचणीची आहे.

यावर प्रतिपक्ष आणखी मागे जाईल. इंग्रजांनी नसेल तोडलं, पण यादवकाळात किंवा त्याआधी तोडलं असेल. इथे मदतीला आलं ते मराठी साहित्य. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्‌मय, त्यात चरित्रं, माहात्म्यं आणि जात्यावरच्या ओव्यासुद्धा, पिंजून काढलं आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याचं वर्णन करताना कोणत्या रानटी वनस्पतींची नावं येतात ते पाहिलं. साधारण दोन तृतीयांश नावं मोकळ्या गवताळ-काटेरी रानातल्या वनस्पतींची निघाली. किमान साडेसातशे वर्षं हा मुलूख माळरानाचाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. तरवडाची पिवळी फुलं ज्या ओव्यांत येतात त्या रचणाऱ्या बायांना परिसंस्था हा शब्द ठाऊक नव्हता; दारातून दिसत होतं ते त्यांनी गायलं. त्याच्याही मागे जायचं तर शिवालिकमधल्या प्राचीन मातीचा पुरावा सांगतो, की भारतीय उपखंडात उन्हाळी गवतांचा पसारा सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच वाढला होता. माणूस नावाचा प्राणी तेव्हा कुऱ्हाड घेऊन उभा नव्हता.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पुण्याचा सगळाच मुलूख माळ नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेला पुणे शहरात तो सातशेच्या घरात येतो आणि सुप्याकडे आणखी उतरतो. मुळशी-ताम्हिणीचं दाट रान खरं आहे आणि तिथे तुटलेलं जंगल परत उभं करणं हे पुण्याचंच काम आहे. शहरातल्या टेकड्यांच्याही घळींत, ओढ्याकाठी, जिथे माती साचते आणि ओल टिकते, तिथे देशी झाडांचे दाट पुंजके शोभतात. माळ म्हणजे झाडांचा मज्जाव असंही नाही. खैर, हिवर, बोर, पळस, सालई, मोई अशी झाडं तिथे विखरून उभी असतातच. सातशे मिलिमीटर पावसात झाड जगत नाही, असा दावा कुणी करू नये. पण बेसॉल्टवरचा वीतभर मुरूम, आठ महिन्यांचा कोरडा काळ, चरणारी जनावरं आणि अधूनमधूनची आग या चौघांनी मिळून इथे गवताला वरचढ आणि झाडाला विरळ ठेवलं आहे. प्रश्न झाडांच्या अस्तित्वाचा नाही, दाटीचा आणि जातीचा आहे.

आणि नेमक्या याच दोन बाबतींत आपण चुकत आलो आहोत. पुण्याच्या टेकड्यांवर आज सगळ्यात जास्त नजरेस पडणाऱ्या झाडांपैकी एक म्हणजे गिरिपुष्प, बोली भाषेत उंदीरमारी. हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. सामाजिक वनीकरणाच्या लाटेत, भराभर वाढतं आणि जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून, ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. सुबाभूळही तिकडचीच. दोन्ही झाडं टेकडी हिरवी दाखवतात, पण गिरिपुष्पाच्या दाट सावलीत कुसळीसारखी सूर्यभुकेली गवतं तग धरत नाहीत, आणि गवत गेलं की त्यावरचे टोळ, टोळांवरचे पक्षी आणि सरडे हळूहळू पांगतात. लागवडीसाठी उतारावर सलग समतल चर खणले जातात. शतकानुशतकं जमलेला वीतभर मातीचा थर एका हंगामात उलटा होतो. यामागे वाईट हेतू नाही, आकड्यांची घाई आहे. १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वन किंवा वृक्षाच्छादन असावं असं उद्दिष्ट ठेवलं. महाराष्ट्राने २०१९च्या एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपं लावण्याचा संकल्प सोडला. एका ठिकाणी जंगल गेलं तर दुसरीकडे भरपाई वनीकरण करायचं, हा कायदाच आहे. इतकी रोपं लावायला जागा कुठे? ‘रिकाम्या’ जमिनीवर. आणि रिकामी म्हणून कागदावर कुणाची नोंद आहे, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी देशातल्या निमकोरड्या प्रदेशांतल्या अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचे नकाशे केले, तेव्हा त्या भारताच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात आणि त्यांतला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो, असं दिसलं.

माळावर काही उभं केलं तर आजूबाजूला काय बदलतं, याचा धडा चाळकेवाडीनेच दिला आहे. त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यावर मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चक्क्यांचा भाग आणि बिनचक्क्यांचा भाग यांची तुलना केली. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी होते. भक्षक कमी झाल्याने तिथे सरड्यांची दाटी झाली, त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक उतरलं, ते माणसाला जास्त जवळ येऊ देऊ लागले. ऐकायला सगळं छान. पण दाटीमुळे खाण्याची चढाओढ वाढली, अंगकाठी खालावली आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचे रंग फिके पडले. वर फिरणाऱ्या पात्यांनी खाली दगडावर बसलेल्या सरड्याचा रंग उतरवला. पवनचक्की ही स्वच्छ ऊर्जा आहे, झाड हे सत्कार्य आहे. पण चांगल्या हेतूने केलेली गोष्ट चुकीच्या जागी केली, तर तिचा परिणाम हेतू पाहून ठरत नाही.

‘तरी शहराला झाडं हवीतच ना? सिमेंट तापतंय, हवा बिघडतेय,’ हा आक्षेप पुण्यात सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. शहराला झाडं हवीत, आणि ती जिथे माणसं चालतात, थांबतात, बसची वाट पाहतात, तिथे हवीत. रस्त्याच्या कडेचा वड तोडून त्याच्या बदल्यात टेकडीवर दहा रोपं लावली, तर बसथांब्यावरच्या माणसाला सावली मिळत नाही आणि टेकडीवरच्या चंडोलाची जमीन जाते, दोघंही नुकसानीत. कार्बनचाही हिशेब नुसत्या खोडांवर करून चालत नाही. गवत आपला बराच कार्बन मुळांतून जमिनीखाली ठेवतं. वणवा लागला तर झाडाचा साठा धूर होतो, गवताचा बहुतांश मातीत राहतो. पाणी मुरवण्याच्या बाबतीत तर न उकरलेला गवताळ उतार हा पुण्याच्या ओढ्या-नाल्यांचा मोठा आधार आहे. आगीबद्दल मात्र माळाच्या कैवाऱ्यांनीही सावध बोलावं. गवत अधूनमधूनची आग सोसतं, म्हणून दर उन्हाळ्यात कुणीतरी टाकलेल्या काडीने टेकडी जळणं क्षम्य ठरत नाही. त्या दिवसांत जमिनीवर अंडी असतात.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. लांडगा आणि चिंकारा काही वेताळ टेकडीवर राहत नाहीत. खरा माळ साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, मग इमारतींनी वेढलेल्या टेकडीवर गवत राखून काय मिळणार? याला दोन उत्तरं आहेत. एक, माळाची बरीचशी नवलाई लहान आकारातली आहे. कंदीलपुष्पासारखी वनस्पती आपल्या कंदिलाच्या आकाराच्या फुलात बारीक माशांना आत घेते, आतल्या केसांनी त्यांची वाट अडवते, परागांचं काम उरकलं की केस कोमेजतात आणि माशी मोकळी होते. असा कारभार चालायला शेकडो चौरस किलोमीटर लागत नाहीत, न उकरलेला उतार लागतो. दुसरं, ‘तिकडचा खरा माळ’ दूर आणि सुरक्षित आहे, हा भ्रम आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यासाठी राखलं गेलं, पण त्याचा विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकीचे प्राणी गायरानांवर, वनखात्याच्या तुकड्यांवर आणि शेताच्या बांधांवर जगतात. त्या जागांवर प्लॉटिंगचे दगड आणि कचऱ्याचे ढीग पोचले आहेत. कचऱ्यामागे भटकी कुत्री आली आणि त्यांनी लांडग्यालाच आतून पोखरायला सुरुवात केली. सासवड परिसरात पिवळसर रंगाचे वेगळे लांडगे दिसू लागले होते. ते लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेले आहेत, हे २०२३ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. संपूर्ण भारतात लांडगे तीन हजार शंभरच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे. त्यांचं रक्त पुणे शहराच्या उकिरड्याने पातळ होत असेल, तर शहराचा माळाशी संबंध नाही, असं म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप माणसांच्या बाजूने येतो आणि तो ऐकल्याशिवाय माळाची बाजू मांडणं अप्रामाणिक ठरेल. माळाचं कौतुक शहरातल्यांनी करायचं आणि लांडग्याने उचललेल्या मेंढीचा भुर्दंड धनगराने सोसायचा, हे कुठलं न्यायाचं? भरपाईचा नियम आहे, पण पंचनाम्यासाठी मेलेलं जनावर दाखवावं लागतं, आणि लांडगा कोकरू उचलून नेतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. वाडा पुढच्या गावाला हललेला असतो. ही भरपाई फिरत्या कळपाला मिळेल अशी झाली पाहिजे, यात दुमत नसावं. पण माळ गेला तर धनगराचं भलं होतं, हे खोटं आहे. रोपवनाला कुंपण पडलं की पहिली चराई बंद होते ती त्याचीच. झाडांच्या रांगा, प्लॉटिंगची तार, सौर प्रकल्पाचं कुंपण, या तिन्हींच्या बाहेर लांडगा आणि मेंढपाळ शेजारी शेजारी उभे राहतात. कागदावर दोघांचीही वहिवाट लागलेली नाही, हे त्यांच्यातलं खरं नातं आहे.

मग करायचं काय? काही वेळा काही न करणं हेच काम असतं. टेकड्यांवरचं गिरिपुष्प आणि सुबाभूळ टप्प्याटप्प्याने कमी करणं, जिथे देशी गवत शाबूत आहे तिथे चर आणि खड्डे न खणणं, झाडं लावायचीच तर घळींत आणि ओढ्याकाठी, इथलीच, विरळ. शहराबाहेर भरपाई वनीकरणाच्या जागा ठरवताना माळाला ‘रिकामी जमीन’ या यादीतून वगळणं. अनुकूल खुणाही आहेत. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. ज्या जमिनीवर पूर्वी फक्त रोपं मोजली जायची, तिथे आता लांडगा, खोकड आणि चिंकारा पाहायला लोक जातात. शहरातल्या टेकड्यांसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले आहेत आणि तेवीस समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षणही आहे. टेकडी वाचवणं आणि टेकडीवरचं गवत वाचवणं यांतलं अंतर मात्र अजून कापायचं आहे. इमारतीपासून वाचलेली टेकडी रोपवनाखाली गेली, तर सरड्याच्या दृष्टीने निकाल तोच.

सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी आणखी एक रकाना असतो, ‘इतर अधिकार’ नावाचा. मालकी कुणाचीही असो, कुळाचा हक्क, विहिरीतल्या पाण्याचा वाटा, जाण्यायेण्याची वाट यांची नोंद तिथे होते. मालक बदलला तरी ती नोंद पुसली जात नाही. माळाच्या उताऱ्यावर हा रकाना आजवर कोरा आहे. त्यात लिहिण्यासारखं पुष्कळ आहे: उन्हाळ्यात दगडावर चढून पंखा उघडणाऱ्याची बसायची जागा, पाण्यावरून पोट भिजवून परतणाऱ्याची वाट, हवेतून कोसळत शीळ घालणाऱ्याचं मोकळं आकाश. नोंदीला लागणारा वहिवाटीचा पुरावा त्यांनी अंगावर बाळगलेला आहे, चार बोटांच्या पायात आणि पोटाच्या गुंडाळलेल्या पिसांत. पंचनामा तेवढा आपल्याकडून व्हायचा आहे, आणि तो पुढच्या पावसाळ्यातले खड्डे खणण्याआधी झालेला बरा.